मदत हवी आहे: सतरा वर्षांची मुलगी, नववा आठवडा, ऐरोली-दिघा परिसर

नमस्कार. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी दिघ्याला राहतात. नवरा कधीच सोडून गेला, एकच मुलगी, बारावी कॉमर्सला. परवा लाटता लाटता त्यांचा हात थांबला. तव्यावरची पोळी करपली तरी लक्ष नव्हतं. मी गॅस बंद केला तेव्हा बोलल्या. मुलीला दिवस गेलेत.

आज मुलीला घरी बोलावून घेतलं. कॅलेंडरवर बोट ठेवून आम्ही मोजलं. शेवटची पाळी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आली होती, म्हणजे येत्या रविवारी नऊ आठवडे पूर्ण होतात. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच करतात, म्हणून घाई आहे. त्यानंतरही कायद्याने करता येतो, पण मग पिशवी साफ करावी लागेल.

मुलगा वीस वर्षांचा, त्याच चाळीतला. जबरदस्ती नव्हती, असं ती म्हणते. मावशींना बाहेर बसवून मी दोनदा विचारलं. पण अठराच्या आतल्या मुलीची संमती कायदा धरत नाही. पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लागतो आणि डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. घोडं इथेच अडलंय.

एका नर्सिंग होममध्ये वय ऐकताच "आधी पोलीस स्टेशनला जाऊन या" म्हणून परत पाठवलं. शेजारीण म्हणते, फॉर्मवर एकोणीस लिहा. मामा म्हणतो, गावाला नेऊन लग्न लावून टाकू. (ती अठराच्या आत, तो एकविसाच्या आत, २००६ च्या कायद्याने हा बालविवाहच.) आणि मावशींनी कुठल्याशा मेडिकलमधून गोळ्यांचं पाकीट आणून पदराला बांधून ठेवलं होतं. ते मी मागून घेतलं. सोनोग्राफी झालेली नाही, गर्भ पिशवीत आहे की नळीत, कुणी पाहिलेलं नाही. पोरीची खालची पापणी ओढून बघितली तर पांढरीफटक. रात्री दोन वाजता अंगावरून जायला लागलं आणि थांबलंच नाही, तर त्या दोघी कुठे धावणार?

कायदा मी वाचलाय. १९७१ च्या गर्भपात कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. अल्पवयीन असेल तर पालकाची लेखी संमती लागते आणि जो तिचा सांभाळ करतो तो पालक, म्हणजे मावशींची सही चालायला हवी. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की मुलीने आणि पालकाने विनंती केली तर पोलिसांना कळवताना डॉक्टरांनी तिचं नाव, ओळख द्यायची गरज नाही. त्या नर्सिंग होमवाल्यांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

सगळ्यांचं ऐकून झाल्यावर मी तिलाच विचारलं, तुला काय हवंय गं? इतक्या दिवसांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "काकू, मला मूल नकोय. फेब्रुवारीत पेपर आहेत. पण त्याला जेलमध्ये टाकू नका." शेवटच्या वाक्यावर काय बोलावं, मला सुचलं नाही. तिला खोटा धीर द्यायचा नाहीये.

वाशीचं महापालिका रुग्णालय किंवा कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, या दोन्हींपैकी कुठे अशा मुलीला नीट वागवतात? नाव गुप्त ठेवायची विनंती तिथे लेखी द्यावी लागते का, आणि कुणाकडे? वडिलांची सही मागितली तर काय दाखवायचं? १०९८ वर (मुलांसाठीची हेल्पलाइन) आधी फोन करून त्यांचं माणूस सोबत घेतलं तर सोपं जातं का? पुढे त्या मुलाचं काय होतं, हे वकिलांपैकी कुणी स्पष्ट सांगाल का? ऐकायला कठीण असलं तरी चालेल, तिला तेच सांगेन.

वय खोटं लिहा, गोळ्या देऊन टाका, असे सल्ले कृपया नकोत. ओळखीचे डॉक्टर असतील तर मला व्यक्तिगत निरोप करा. उद्या सकाळी आठला मावशी येतील, मी सुट्टी टाकली आहे, तिघी मिळून निघणार आहोत.