मदत हवी आहे: दर्शनी भिंतीवरचं एसीचं आउटडोअर, गॅसमीटर आणि वीजमीटर कसे झाकावेत?

ओसरी_पश्चिम:
पुण्यात रो-हाऊस, दर्शनी भिंत पश्चिमेला. फाटकातून आत आलं की भिंतीवर ओळीने तीन वस्तू दिसतात. आधी दीड टनी एसीचं आउटडोअर युनिट (रुंदी ८५, उंची ५५, खोली ३० सेंमी, फूटभर उंच स्टँडवर, मागे भिंत १५ सेंमीवर), मग पाईप गॅसचा मीटर, शेवटी महावितरणचा मीटर. पंख्यासमोर साडेचार फुटांवर कुंपणाची भिंत आहे. सुतार म्हणतो, तिन्हींना मिळून एकच लांब कपाट करू: वर ग्रॅनाइट, पुढे चार इंची तिरक्या पट्ट्या, मधे अर्धा इंच फट. दिसेल छान, पण चालेल का? आणि कोणत्या मापाने करू?

गारवा:
कपाट रद्द करा. युनिट मागच्या आणि एका बाजूच्या जाळीतून हवा ओढतं आणि पुढून गरम हवा फेकतं. अर्ध्या इंचाच्या फटीतून ती बाहेर पडत नाही, तिरक्या पट्टीवर आपटून पुन्हा मागच्या जाळीत जाते. मग एसीतल्या (थंडाव्याच्या) गॅसचं प्रेशर चढतं, वीज जास्त लागते आणि एप्रिल-मेच्या दुपारी कॉम्प्रेसर ओव्हरलोडवर बंद पडतो. लोक मेकॅनिकला बोलावून गॅस भरून घेतात, दोष असतो कपाटाचा.

वरून पूर्ण उघडं ठेवा. ग्रॅनाइट तर नकोच. समोरची चौकट युनिटपासून किमान ३० सेंमी पुढे, आणि तिचा ७० टक्क्यांहून जास्त भाग मोकळा हवा. पाईप जोडलेल्या बाजूला हात आणि पाना फिरेल इतकी, फूट-दीड फूट जागा सोडा. कंपनीच्या पुस्तिकेत अंतरं जास्त दिली असतील तर तीच पाळा.

फॅब्रिकेटर_नाशिक:
+१. तिरक्या पट्ट्यांऐवजी ५० × २५ मिमीचा ॲल्युमिनियम बॉक्स सेक्शन (पोकळ चौकोनी नळी) उभा लावा. २५ची कड पुढे, ५०ची बाजू खोलीत. समोर उभं राहिलं तर युनिट दिसेल, पण फाटकाकडून तिरकं बघितलं की ५० मिमीची खोली फट झाकून टाकते. ४५ अंशांतून ७३ मिमीच्या फटीतले जेमतेम २३ मिमी उघडे दिसतात. हवेला मात्र सरळ वाट.

हिशोब: १२० सेंमी रुंद चौकटीला ९० सेंमीचे १३ उभे तुकडे (कडेचे दोन धरून) आणि १२०चे दोन आडवे. १२ फुटी चार लांबींत (अखंड नळ्यांत) बसतं: तीन लांबींतून प्रत्येकी चार उभे, चौथीतून एक उभा आणि दोन्ही आडवे. करवतीने कापताना जाणारी घट धरूनही पुरतं. फाटकाच्या बाजूला ६० सेंमीची जोड हवी असेल तर आणखी दोन लांबी, आणि ती जोडही युनिटपासून फूटभर लांब. चौकट बिजागऱ्यांवर, साध्या कडीने बंद. स्क्रूने ठोकून टाकली की सर्व्हिसवाला पाण्याचा फवारा मागे नेतच नाही. पावडर कोटिंग गडद राखाडी घ्या, पांढऱ्या पट्ट्या उन्हात डोळ्यांत भरतात.

लोखंडात स्वस्त पडेल, पण कापलेल्या टोकांना आतून रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) लागत नाही. दोन पावसाळ्यांत खालची टोकं फुगतात. कोकणात तर विचारूच नका.

नळी_आणि_झडप:
गॅसमीटरचं बोला कुणीतरी! पाईप गॅस म्हणजे मिथेन, हवेपेक्षा हलका. गळला तर वर चढतो. ग्रॅनाइटखाली साचला असता आणि शेजारी एसीचा कॉन्टॅक्टर (कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा स्विच) ठिणगी टाकायला हजर. म्हणून गॅसमीटर वेगळा, वर-खाली-पुढे उघडा. फार तर मीटर बाजूने दिसणार नाही अशी एक उभी चौकट, भिंतीत अँकर फास्टनरने, पाईपला न टेकता. बंद करायची झडप विनाअडथळा हाती आली पाहिजे. पाईप हलवायचा असेल तर गॅस कंपनीकडेच अर्ज. (सिलिंडर बाहेर ठेवणाऱ्यांसाठी: एलपीजी जड असतो, तिथे जाळी तळाशी लागते. लोक नेमकं उलटं करतात.)

ओसरी_पश्चिम:
गॅसमीटरवर मधुमालती चढवली तर?

नळी_आणि_झडप:
नको. ती पाईपला वेढते आणि गंज दिसत नाही. एसीसमोर गरम झोतात पानं करपतात आणि गळलेली पानं मागच्या जाळीत अडकतात. कुंडी हवी तर गॅसमीटरपासून दोन फूट बाजूला, वाटेकडून आड येईल अशी.

मेन_स्विच:
वीजमीटरला झाकण चालतं. मीटरच्या बोर्डावर किंवा महावितरणच्या सीलजवळ काहीही ठोकू नका. भिंतीवर वेगळी चौकट, मीटरच्या पुढे १० सेंमी, तिला डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिकच्या फळीचं) दार, चुंबकावर बंद, कुलूप नाही. रीडिंगच्या उंचीवर खिडकी ठेवा. पत्र्याची बंद पेटी करू नका, स्मार्ट मीटर बसला असेल तर सिग्नल अडतो. भोकं पाडण्याआधी भिंतीतली केबल कुठून जाते ते वायरमनकडून खूण करून घ्या. आत पाली आणि गांधीलमाशा घर करतात, दार महिन्यातून एकदा उघडा.

गारवा:
चौकट बसली की भर दुपारी एसी २४वर अर्धा तास चालवा. मागच्या जाळीजवळ थर्मामीटर धरून चौकट उघडी असताना आणि बंद असताना तापमान लिहा. फरक २-३ अंशांपेक्षा जास्त आला तर चौकट आणखी पुढे सरकवा किंवा एकाआड एक पट्टी काढा. पक्के अँकर त्यानंतरच मारा.