आवड कुणाची, नियम कुणाचा

"खेळाडूंना आवडतं म्हणून त्या तोकडे कपडे घालतात" असं महिला खेळाडूंबद्दल म्हटलं जातं, ते मला पटत नाही. २०२१ साली युरोपियन स्पर्धेत नॉर्वेच्या बीच हँडबॉलच्या मुली बिकिनीऐवजी शॉर्ट्स घालून उतरल्या, तर त्यांना १५०० युरो दंड झाला. पुरुष तोच खेळ शॉर्ट्समध्येच खेळत होते! ओरड झाल्यावर त्याच वर्षी नियम बदलला. यात आवड कुठे आली?

मी सांगलीत मुलींना खो-खो शिकवते. खांबाजवळ सूर मारला की मांडी मातीवर घासत जाते, कातडी सोलून रक्त येतं, वर घाम झोंबतो. म्हणून आमच्या मुली गुडघ्यापर्यंत घट्ट टाइट्स आणि वर हाफ पँट घालतात. मागे एका स्पर्धेत आयोजकांनी "टीव्हीवर बरं दिसत नाही" म्हणून टाइट्स काढायला लावल्या. नववीतली एक पोर त्या दिवशी एकदाही सूर मारायला धजली नाही. सगळा वेळ जर्सी खाली ओढत होती, कारण मैदानाच्या कडेला मोबाइल घेऊन बसलेले खेळ टिपत नव्हते. एरवी हीच पोर पहिल्या मिनिटात गडी टिपते.