शब्दचर्चा : ‘लागण’ झाली म्हणजे नक्की काय झालं?

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. तापाच्या एका अभ्यासासाठी रुग्णांना द्यायचं माहितीपत्रक आणि प्रश्नावली मराठीत आणायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कन्नड मसुदा तयार आहे. मराठी मसुदा खानापूर, बेळगाव ग्रामीण आणि निपाणीकडच्या लोकांना वाचून दाखवायचा आहे, म्हणजे तो डोळ्यांपेक्षा कानांना कळला पाहिजे.

कन्नडमध्ये सगळीकडे ‘सोंकु’ आहे. मी आधी डोळे झाकून ‘संसर्ग’ घातलं. परवा हलग्याच्या एका मावशींना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, “संसर्ग म्हंजे ते करोनातलं की. मला करोना न्हाई बाबा.” आणि उठून गेल्या.

खरी अडचण पुढेच आहे. जंतू अंगात शिरणं ही एक गोष्ट आणि माणूस आजारी पडणं ही दुसरी. मला दोन्हींसाठी वेगळे शब्द हवेत. ‘लागण’, ‘बाधा’, ‘संसर्ग’ यांत तुम्ही घरात, गल्लीत काय बोलता? कोशातलं नको, तोंडातलं सांगा.

कोथरूडची बेळगावकरीण
तोंडातलं मागितलंय तरी थोडं पुस्तकी बोलते, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपण ‘संसर्गजन्य’ आणि ‘साथीचा’ हे एकच समजून वापरतो. धनुर्वात जंतूंमुळेच होतो, पण धनुर्वाताच्या माणसाशेजारी बसून कुणाला धनुर्वात होत नाही. म्हणजे जंतूंचा आजार खरा, एकाचा दुसऱ्याला होणारा मात्र नाही, आणि त्याची साथही येत नाही. उलट पटकी, म्हणजे कॉलरा, म्हटली की साथ आलीच. तुमच्या पत्रकात ‘हा आजार एकापासून दुसऱ्याला होतो का’ हे एका शब्दात कोंबू नका, पूर्ण वाक्य लिहा.

‘साथ’ शब्दाचीही गंमत आहे. गाण्याला साथ, संसाराला साथ, आणि तापाची साथ. सगळे मिळून आजारी, असा काहीसा भाव.

शहापूरची अक्का
‘बाधा’ नको. नको म्हणजे नको. आमच्या गल्लीत बाधा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, “कुठली? बाहेरची?” आणि मग लिंबू-मिरची, अंगारा सगळं येतं. शिकलेल्या लोकांना विषबाधा आठवते तेवढंच. २०२० मध्ये पेपरात ‘बाधित’ सुरू झालं, पण तो शब्द पुरालाही लावतात आणि रस्त्यात शेत गेलेल्या माणसालाही. माणूस तापाने बाधित की बायपासने, ते कळायला अख्खी बातमी वाचावी लागते.

आणि एक. पत्रकात ‘रुग्ण’ किती वेळा आलंय ते मोजा. आईला टीबी झाला तेव्हा सहा महिने रोज गोळ्या घेतल्या तिने, बरी झाली, पण दवाखान्यातल्या कार्डावरचा ‘क्षयरुग्ण’ शब्द तिला टोचायचा. कार्ड पिशवीत उलटं ठेवायची. ‘टीबीचं औषध चालू आहे’ असं म्हटलं की तिला काही वाटायचं नाही. आजार तोच की.

निपाणीचा ऊसवाला
टिळकवाडीकर अण्णा, ‘लागण’ म्हणून आमच्याकडं विचाराल तर लोक तारीख सांगतील. “लागण कधी झाली?” “आडसाली हाय, जुलैतली.” चेष्टा करत न्हाई. इकडं लागण म्हंजे उसाची. आडसाली जुलै-ऑगस्टात, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सुरू जानेवारी-फेब्रुवारीत. ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यातनं फुटून येतो तो खोडवा.

पण मला वाटतंय तुमचं काम ह्याच शब्दानं व्हईल. कांडी जमिनीत गेली म्हंजे लागण झाली. म्हणून ऊस आला काय? उगवण व्हायला पायजे, पाणी पायजे. काही कांड्या कुजून जातात, काही तशाच पडून राहतात. अंगात जंतू गेला ही लागण. तो उगवला तर दुखणं. हे शेतकऱ्याला सांगायला एक मिनिट बी लागणार न्हाई.

आणि बरा झालेला ताप परत आला तर त्याला खोडवा म्हणा. (हे मात्र चेष्टेनं.)

टिळकवाडीकर
अण्णा, तुम्ही माझे चार दिवस वाचवलेत. टीबीचंच बघा. जगातल्या जवळजवळ पाव लोकसंख्येच्या अंगात कधी ना कधी क्षयाचे जंतू शिरलेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांतल्या पाच ते दहा टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष टीबी होतो. सरकारी भाषेत याला ‘सुप्त क्षयसंसर्ग’ म्हणतात. ‘सुप्त’ वाचून दाखवलं की समोरचा मान डोलावतो, आणि मला ठाऊक असतं की त्याला काही कळलेलं नाही. ‘लागण झालीय, पण उगवलेली नाही’ हे वाक्य घालून बघतो. वर बसलेले लोक मान्य करतील का, हा वेगळा प्रश्न.

कोथरूडची बेळगावकरीण
निपाणीत चालेल. शहरात ‘लागण झाली’ म्हणजे आजारी पडला असाच अर्थ घेतात. टिळकवाडीत ऊस कुठे आहे?

निवृत्त मास्तर, खानापूर
बाई बरोबर आहेत, पण तो अर्थ वर्तमानपत्रांनी घट्ट केला. मूळ क्रियापद ‘लागणे’. चिकटणे, जडणे. कन्नडमध्येही हेच चित्र आहे : ‘अंटु’ म्हणजे डिंक, चिकटपणा, आणि ‘अंटुरोग’ म्हणजे एकाचा दुसऱ्याला होणारा आजार. ‘सोंकु’मध्ये स्पर्श आहे. म्हणजे सीमेच्या दोन्ही भाषा आजाराला चिकटणारी वस्तू मानतात. तुम्ही ‘लागण’ घेतलात तर घरी कन्नड बोलणाऱ्यालाही तो परका वाटणार नाही.

जुने शब्द बघा. आजार कुठून आला यापेक्षा तो कसा वागतो यावर आपली नावं पडलीत. थंडी वाजवून येतो तो हिवताप, कन्नडमध्ये ‘चळिज्वर’, अगदी तेच. ठरावीक दिवस घेऊनच उतरतो तो मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉईड. देवी ‘निघायच्या’, गोवर अजून ‘निघतो’. माझ्या लहानपणी देवी झालेल्या माणसाविषयी हलक्या आवाजात बोलायचे. आणि त्याच देवी ‘काढायला’ सरकारी माणूस यायचा, म्हणजे लस टोचायला! निघणं दैवी आणि काढणं सरकारी. १९८० साली जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं, पण मराठीत मात्र दंडावरच्या वणाला लोक अजून देवीच म्हणतात.

गावच्या यात्रेआधी आपल्याकडे वार पाळतात. त्या दिवशी शेतात कुणी जात नाही, कामं बंद. पटकीच्या काळात मरीआईसाठीही असं काही करत असणार असं मला नेहमी वाटत आलंय. हा माझा तर्क आहे, पुरावा मागू नका.

शहापूरची अक्का
मास्तर, ‘रक्तपिती’ राहिली. आयुर्वेदात रक्तपित्त म्हणजे अंगातून रक्त जाण्याचा विकार, आणि आमच्या आजीच्या तोंडात रक्तपिती म्हणजे महारोग. ‘महारोगी’ म्हणणं आता सोडलंय, ‘कुष्ठरुग्ण’ म्हणतात. कोडाचा डाग दिसला तरी आजी तेच म्हणायची आणि त्या पोरीचं लग्न अडायचं. शब्द चुकला की तिकडे माणूस चुकतो.

जांबोटीचा
मी फील्डवर काम केलंय, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली माकडतापाची. कन्नडमध्ये ‘मंगन कायिले’, अर्थ तोच. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली आणि माणसांना ताप आला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तो विषाणू शोधला. नावामुळे सगळा दोष माकडावर जातो. तो आजार गोचिडीतून येतो. माकड बिचारं स्वतःच मरतं, आणि मेल्यावर त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात. माणसापासून माणसाला तो होत नाही. तरी गावात ताप आलेल्याच्या घरी पाणी पीत नाहीत. पुढे सिंधुदुर्गात आणि गोव्यात सत्तरी तालुक्याकडे साथ आली, काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना झाला. आपल्या भागातली माणसंही हंगामात तिकडे जातात, म्हणून सांगतो : पत्रकात ‘माकडताप’ लिहा, नाहीतर कुणी ओळखणार नाही, पण लगेच पुढच्या ओळीत ‘गोचीड चावल्याने’ लिहा.

ह्या तापात काहींना आठ-पंधरा दिवस बरं वाटून पुन्हा ताप चढतो, डोकं धरतं, हात कापतात. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे : ‘ताप उलटला’. तुमच्या मसुद्यात ‘द्विप्रावस्थिक ज्वर’ असलं काही असेल तर आजच खोडा.

दुसरी गोष्ट. आमच्याबरोबर एक कन्नड भाषिक मुलगी होती, मराठी छान बोलायची. एका आजोबांनी सांगितलं, “ताप अंगावर काढला.” हिने नोंद केली : अंगावर पुरळ. ‘गोवर अंगावर निघाला’ ऐकलेलं होतं ना! आजोबांना म्हणायचं होतं की दवाखान्यात गेलोच नाही, तसाच सोसला. चार-पाच फॉर्म तसे भरून झाल्यावर लक्षात आलं. पुरळ नसलेल्या तापात पुरळ दिसायला लागलं म्हणून डॉक्टर चक्रावले होते.

टिळकवाडीकर
अरे देवा. माझ्या प्रश्नावलीत ‘ताप अंगावर काढलात का?’ हा प्रश्न आहे, आणि विचारणारे निम्मे कन्नड भाषिक आहेत. बदलतो : ‘दवाखान्यात न जाता ताप सोसलात का?’

जांबोटीचा
आणि ‘कमी आलं’ विसरू नका. चिकुनगुनियाच्या वेळी आम्ही विचारायचो, “सांधे कसे आहेत?” सगळे म्हणायचे, “कमी आलंय.” कुणाचं पूर्ण बरं झालेलं, कुणाचं निम्मं, आणि कुणी नुसतं डॉक्टर समोर आहेत म्हणून बरं म्हणायचे. कन्नडमध्येही ‘कडिमे आयितु’ तसंच वापरतात. त्या आजारात सांधे महिनोन् महिने धरतात, काहींचे वर्षभर, म्हणून नेमका हाच प्रश्न महत्त्वाचा होता आणि नेमकं हेच उत्तर मोघम. (नावावरून आमच्या गल्लीत कित्येकांनी कोंबडी खायची सोडली होती. तो शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला आहे, दुखण्याने वाकून जाणं अशा अर्थाचा. चिकनचा काही संबंध नाही. सांगून दमलो.)

कोथरूडची बेळगावकरीण
‘पूर्ण बरे / थोडे बरे / बरे नाही’ असे तीन पर्याय द्या ना.

जांबोटीचा
दिले होते. सगळे ‘थोडे बरे’वर. पूर्ण बरं म्हटलं तर दृष्ट लागते.

टिळकवाडीकर
मग असं विचारू का : ‘दळण आणायला, भांगलायला, नेहमीच्या कामाला परत जायला लागलात का? कितव्या दिवशी?’ दिवस मोजता येतात तरी.

‘लागण’ मी घेतोय. हलग्याच्या मावशींना काल पुन्हा वाचून दाखवलं, या वेळी ऐकून घेतलं त्यांनी. फक्त म्हणाल्या, “संशोधन म्हंजे काय, आमच्यावर प्रयोग करणार काय?” ‘अभ्यास’ म्हटलं तर त्यांचा नातू हसला, त्याला शाळेतला वाटला. याला काही सुचतं का कुणाला?

निपाणीचा ऊसवाला
‘माहिती गोळा करायलोय’ म्हणा, पण औषध देऊन बघणार असाल तर ते बी तोंडानं सांगा, लपवू नका.

आणि कामाला जाण्याचं विचारायच्या आधी जरा थांबा. आमच्याकडं तापात बी भांगलायला जातात. पहिल्याच दिवशी गेलो म्हणून सांगतील.

टिळकवाडीकर
खोडला. दुसरं शोधतो.