तातडीने मदत हवी: ३४८.५ चे चौरस फूट किती होतात?

शिवणटाका:
नमस्कार. ३४८.५ चे चौ. फूट किती? मी ३.२८ ने गुणून दहाने भागतो तर ११४ येतात. ते शक्यच नाही, मी ४० मागवले होते. फोनमधल्या कन्व्हर्टरमध्ये दहा एककं दिसतात, त्यातलं कुठलं दाबायचं कळेना. दुकानदाराशी सकाळी वाजलंय, संध्याकाळी परत फोन करतो म्हणून सांगितलंय. त्याआधी उत्तर मिळालं तर बरं.

मोजणीवाला:
३४८.५ चौ. मीटर गुणिले १०.७६४, म्हणजे ३७५१ चौ. फूट. भागिले १०८९ केलं की ३.४४ गुंठे. पण ४० काय मागवले होते? प्लॉट कळंब्याकडं आहे का? सातबारा बघितल्याशिवाय विसार देऊ नका.

पाचगावकर:
३.४४ कुठलं, ३.४८ येतं.

मोजणीवाला:
ते आर झाले. आर म्हणजे १०० चौ. मीटर, गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०१.१७ चौ. मीटर. सातबाऱ्यावर आर असतात, तोंडात गुंठे असतात, तिथंच माणूस फसतो.

पाचगावकर:
सव्वा मीटरसाठी कोण भांडतंय? आमच्याकडं एजंट सरळ हजार फुटाचा गुंठा धरतात.

मोजणीवाला:
धरू देत की. गुंठ्यामागं ८९ फूट जातात ते घेणाऱ्याचे. आणि एकराऐवजी ४० आर घेतले तर ५०४ फूट गेले, जवळजवळ अर्धा गुंठा. तेवढ्यात दोन खोल्या बसतात.

शिवणटाका:
अहो, जागा नाही! चामडं आहे, चामडं. बिलावर '३४८.५० डीएम' एवढंच लिहिलंय.

शिरोली_पाळी_दुसरी:
आमच्या फाउंड्रीत हेच. जुन्या कॉम्प्रेसरच्या घड्याळावर हवेचा दाब पीएसआयमध्ये (पौंड प्रति चौ. इंच), नव्याच्या घड्याळावर किलो प्रति चौ. सेमी. १ किलोला १४.२२ पीएसआय. पाठच करून टाका.

शिवणटाका:
मला हवा भरायची नाही हो.

आरी_आणि_रापी:
भावा, आधी सांगायचं नव्हं चामडं हाय म्हणून! 'डीएम' म्हणजे चौरस डेसिमीटर, वरचा छोटा २ बिलात गळाला असणार. डेसिमीटर म्हणजे १० सेंटिमीटर. फूट ३०.४८ सेंटिमीटरचा, म्हणजे ३.०४८ डेसिमीटर. पण चौरस फुटात लांबीही तेवढी आणि रुंदीही तेवढी: ३.०४८ गुणिले ३.०४८, झाले ९.२९. आता ३४८.५ भागिले ९.२९ करा, साडेसदतीस फूट. तुझं ११४ आलं कारण तू ०.३२८ ने एकदाच गुणलास. लांबीचा हिशोब झाला, रुंदी राहिली. त्या ११४ ला परत ०.३२८ ने गुणून बघ, साडेसदतीसच येतील.

चामडं कसलं? शेळीचं का गाईचं? किती नग? भाव काय ठरला होता?

शिवणटाका:
भावा नाही, ताई. घरात 'करतो-जातो' बोलायची सवय, तसंच लिहिलं गेलं. शेळीचं नाही, गाईचं, तीन तुकडे. मागं शिक्के आहेत ११३, ११८.५ आणि ११७. भाव १२० रुपये फूट. बिल टॅक्स सोडून ४५३०.५०. म्हणजे ४० मागवून अडीच फूट कमीच दिलं ना? आणि घरात जुना एक तुकडा आहे, दुसऱ्या दुकानातला, त्यावर खडूनं १२ आणि वर बारीक २ लिहिलंय. तो किती धरायचा?

पाचगावकर:
बारा चौरस फूट. वरचा २ म्हणजे वर्ग. शाळेत शिकवलंय.

आरी_आणि_रापी:
शाळेत चामडं मोजलं व्हय? वरचा आकडा पाव फुटाचा. १ म्हणजे पाव, २ म्हणजे अर्धा, ३ म्हणजे पाऊण. ताईंचा तुकडा साडेबारा फूट.

आता बिलाचं. साडेसदतीस फुटाचे १२० नं ४५०० होतात. त्यांनी डेसिमीटरला १३ रुपये लावलेत, खरा भाव १२.९२ बसतो. तीसएक रुपये वरचे गेले, पण अडीच फुटाचे पैसे घेतलेले नाहीत. चामडं काय कापडासारखं फाडून देत नाहीत. अख्खी कातडी येते, ती ३७ भरेल नाहीतर ४२. सोलचं चामडं तर किलोवर विकतात, तिथं फूटच नाही.

गुजरीकर:
शिक्क्यावर विश्वास कशाला? रद्दीचे पेपर चिकटवून तुकड्याच्या आकाराचा कागद कापा आणि वजन करा. त्याच पेपरचा फूटभर चौकोन कापून तोही तोला. भागाकार करा, क्षेत्रफळ हातात. आमच्या काट्यावर मिलिग्रॅमपर्यंत कळतं.

पाचगावकर:
आणि दोन पेपर एकावर एक आले तर?

गुजरीकर:
कडेला कड लावायची, डिंक कमी लावायचा. करणाऱ्याला जमतं.

शिवणटाका:
एवढा वेळ नाही. मी फरशीवर अंथरून बघितलं. ११३ चा तुकडा आहे. दोन बाय दोनच्या तीन फरश्या भरून थोडं उरतं. मान आणि पाय बाहेर येतात ते दुमडून रिकाम्या कोपऱ्यात बसवले. तीन फरश्या म्हणजे १२ फूट, वर अर्धा धरला तर साडेबारा. शिक्क्याप्रमाणे १२.१६ येतात. मग दुकानदारानं मला जास्तच दिलं का?

आरी_आणि_रापी:
फरशी दोन बाय दोन म्हणत्यात, पण फीतपट्टी लावून बघा, ६० सेंटिमीटर भरंल. दोन फूट म्हणजे ६०.९६. ती फरशी ३६ डेसिमीटरची, म्हणजे ३.८७ फूट. तीन फरश्यांचे १०८ झाले, वरचे ५ म्हणजे फरशीचा सातवा हिस्सा. शिक्का बरोबर हाय.

करणार काय त्याचं?

शिवणटाका:
३० डायरी कव्हरं, उघडं माप ९ बाय १३ इंच. शनिवारी द्यायची आहेत.

आरी_आणि_रापी:
११७ चौ. इंच गुणिले ३० भागिले १४४, २४.४ फूट. साडेसदतीसातले शेकडा ३५ वाया गेले तरी बसतंय. पाठीचा भाग आधी कापा, पोटाकडचं चामडं ताणतं, ते आतल्या खिशाला ठेवा.

रंकाळ्याकाठी:
पावसाळ्यात कव्हरं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बुरशी धरते.

शिवणटाका:
फोन केला. 'फुटात बिल देता येत नव्हतं का' एवढंच विचारलं, सकाळचं काही काढलं नाही. ते म्हणाले, "ताई, सकाळी मी तेच सांगत होतो, तुम्ही फोन ठेवला." पुढच्या वेळी ३० रुपये वळते करून देतो म्हणालेत. कापायला बसले आहे.

मोजणीवाला:
पाचगावकर, तुमचा प्लॉट मोजून घेतलाय का हजाराच्या गुंठ्यानं?

पाचगावकर:
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.