मदत हवी आहे : विडी कामगार महिलांचा नेहमीचा आहार कोणत्या पद्धतीने मोजावा?

नमस्कार. सोलापुरातील विडी कामगार महिलांच्या आहारावर मी पदव्युत्तर प्रबंध करते आहे. त्या काल काय जेवल्या यापेक्षा वर्षभर एरवी काय जेवतात, हे मला जाणून घ्यायचे आहे, आणि पद्धतीची निवड नेमकी इथेच अडली आहे.

२४ तासांच्या रिकॉलमध्ये कालचेच जेवण विचारायचे असल्याने बायकांना सांगणे सोपे जाते. पण एका दिवसावरून सवय कळत नाही. ऊर्जेचा अंदाज थोडक्या दिवसांत येतो, मात्र अ जीवनसत्त्व मोजक्याच पदार्थांतून आणि अधूनमधून मिळत असल्यामुळे त्यासाठी कितीतरी जास्त दिवस लागतात. शिवाय उपवासाचा दिवस, मजुरी हाती पडल्याचा दिवस आणि थंडीतला हुरडा यांमुळे ताट बदलते ते वेगळेच. फूड फ्रिक्वेन्सी प्रश्नावली, म्हणजे यादीतला प्रत्येक पदार्थ किती वेळा खाल्ला जातो हे विचारणारी प्रश्नावली, वर्षाचा आवाका घेते, परंतु जो पदार्थ तिच्या यादीत नाही तो हिशेबातून सुटतो. मला मिळालेल्या प्रश्नावलीत शेंगाचटणीच नाही, जी इथल्या कित्येक घरांत रोज पानात असते.

मापांचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. कडक भाकरीतले पाणी उडालेले असते, त्यामुळे तेवढ्याच पिठाची मऊ भाकरी वजनाला जास्त भरते. नग मोजून मऊ भाकरीचे वजन लावले, तर आकडे चुकणारच. म्हणून परातीत किती पीठ घेतले आणि त्याच्या किती भाकऱ्या झाल्या, हे घरी जाऊन वजनकाट्यावर पाहावे, असे मला वाटते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांत मुख्यतः कच्च्या पदार्थांचीच मूल्ये आहेत, तेव्हा पिठावरून हिशेब करणे सोयीचेही पडेल. चटणीचे मात्र कोडे सुटत नाही : ती चिमटीने घेतली जाते आणि वर तेल किंवा दही पडते. तेलाचा महिन्याचा खप माणशी भागावा, तर सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला खरोखर तेवढे येते का, ही शंका उरते.

सर्वांसाठी स्थानिक पदार्थांची छोटी प्रश्नावली आणि त्यांतल्या काही जणींचे, सलग नसलेल्या दिवसांचे, उन्हाळ्यात व हिवाळ्यात मिळून किमान दोन रिकॉल, अशी माझी सध्याची आखणी आहे. हे दोन रिकॉल पुरेसे ठरतील का? तेलुगू बोलणाऱ्या घरांसाठी प्रश्नावली आधी थोड्या जणींवर तपासून घेताना कशाकडे लक्ष द्यावे? चटणी आणि वरून घेतलेले तेल यांचे माप कोणी प्रत्यक्ष घेतले असल्यास कसे घेतले, हे कृपया सविस्तर सांगावे.