सेल संपला की सेल संपले?

गेल्या आषाढात देवगडला आमच्याकडे दोन दिवस वीज नव्हती, तेव्हा काका बॅटरीचे सेल आणायला बाजारात गेले आणि हात हलवत परत आले, कारण दुकानाच्या अर्ध्या ओढलेल्या शटरवर पावसाने शाई ओघळलेला एक कागद डकवलेला होता : ‘सेल संपला’. संपला होता तो साड्यांवरच्या सवलतीचा सेल. बॅटरीचे सेल आत फळीवर होतेच. काकूंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “अहो, ते सेल संपले असते तर त्याने ‘संपले’ लिहिलं नसतं का?”

काकूंचे म्हणणे बारकाईने पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत हा घोळ निदान कागदावर झाला नसता. बॅटरीचा सेल सी-ई-डबल एल, विकणे या क्रियापदाचा एस-ई-डबल एल, सवलतीचा एस-ए-एल-ई आणि गलबताच्या शिडाचा एस-ए-आय-एल. यांतले पहिले दोन इंग्रजांच्या कानाला एकसारखे आणि शेवटचे दोन एकसारखे. मात्र या दोन जोड्यांचे स्वर एकमेकींहून वेगळे आहेत. आपण एका मात्रेवर चौघांनाही एकाच खुंटीला टांगतो, त्यामुळे इंग्रजीत स्पेलिंग जे काम करते ते मराठीत ‘संपला’ आणि ‘संपले’ यांना करावे लागते.

उच्चार एक आणि स्पेलिंगे दोन, हा इंग्रजांचा लहरीपणा आहे असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. ते मला पटत नाही. शिडाचा आणि विक्रीचा सेल हे एकेकाळी उच्चारानेही वेगळे शब्द होते. पहिल्यात ‘ऐ’च्या जवळचा जोडस्वर होता, दुसऱ्यात दीर्घ ‘आ’, आणि सतराव्या शतकाच्या सुमारास दोन्ही एकत्र आले. समुद्र आणि पाहणे या अर्थांचे दोन ‘सी’ही असेच पुढे जुळले. कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना घातला तो 1476 मध्ये. छपाईने स्पेलिंगे हळूहळू पक्की होत गेली, उच्चार मात्र पुढे सरकत राहिले. म्हणजे ज्याला आपण लहर म्हणतो ती बहुतेक ठिकाणी जुन्या उच्चाराची खूण आहे.

बहुतेक ठिकाणी म्हणण्याचे कारण आमच्या किनाऱ्यावरच्या खडपांवर मिळणारे शिणाणे, म्हणजे एका जातीचा शिंपला. इंग्रजीत त्याला ‘मसल’ म्हणतात आणि दंडाच्या स्नायूलाही ‘मसल’. स्पेलिंगे निराळी, पण मूळ एकच, ‘लहान उंदीर’ या अर्थाचा लॅटिन शब्द. कातडीखाली हलणारा स्नायू उंदरासारखा दिसतो खरा. शिणाण्यात मला अजून उंदीर दिसलेला नाही. ‘सोल’ची गोष्ट याच्या उलट आहे. लेप या चपट्या माशाचे इंग्रजी नाव आणि चपलेचा तळवा हे एकाच मुळाचे असून त्यांचे स्पेलिंगही एकच आहे, तर आत्मा या अर्थाचा ‘सोल’ उच्चाराने तोच असला तरी परक्या कुळातला. आमच्याकडे ‘सोल’ म्हटले की आधी आमसूल डोळ्यांपुढे येते, हे आणखी निराळेच.

आपल्याकडे असे शब्द नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. दिवस या अर्थाचा ‘दिन’ आणि गरीब या अर्थाचा ‘दीन’ बोलताना आपण सारखेच दीर्घ उच्चारतो, भेद राहतो तो फक्त लिहिण्यात. उलट ‘थोडेसे’ या अर्थाचा ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ लिहायला तंतोतंत एक असून त्यांतले ‘ज’ वेगळे, आणि त्यासाठी आपल्या लिपीत वेगळी खूण नाही.

व्यवहारापुरते माझे मत असे की, जिथे दोन इंग्रजी शब्द देवनागरीत आदळतात तिथे आपला शब्द आधी पाहावा. किल्ली आणि जहाज लागण्याची जागा हे दोन्ही इंग्रजीत ‘की’ आहेत. मराठीत ‘की’ला आधीच पुरेशी कामे आहेत, आणि बंदरावरच्या माणसाला ‘धक्का’ म्हटले की कळते. धक्क्याचेही दोन अर्थ आहेत, पण धक्क्यावर उभे राहणे आणि धक्का खाणे यांत गफलत झाल्याचे मी ऐकलेले नाही. जन्माच्या ‘बर्थ’साठी जन्मदाखला आहेच. अडते ते आगगाडीतल्या झोपण्याच्या ‘बर्थ’पाशी, कारण कोकण रेल्वेने ये-जा करणारे आमच्याकडचे काही जण ‘बर्थ मिळाला’ म्हणतात आणि काही जण ‘बर्थ मिळाली’. काकूंच्या न्यायाने हा भेद क्रियापदावरच ठरायचा, म्हणून विचारतो : तुमच्याकडे तो मिळतो की ती मिळते?