डॉनी डार्को: टाइम ट्रॅव्हल की आजार?

रातकिडा:
काल रात्री डॉनी डार्को (२००१) हा पिक्चर बघितला आणि झोपच उडाली, १९८८ चा ऑक्टोबर, डॉनीच्या खोलीवर विमानाचं इंजिन कोसळतं, सशाच्या वेशातला फ्रँक सांगतो २८ दिवसांत जग संपणार. हे खरंच टाइम ट्रॅव्हल आहे की पोराच्या डोक्यातलं? मावसभाऊ पंधराचा आहे, त्याला दाखवू का?

चहाबाज:
दोन्ही धरून बघ. २००४ चा डायरेक्टर्स कट (दिग्दर्शकाने स्वतः पुन्हा जुळवलेली आवृत्ती) आहे त्यात टाइम ट्रॅव्हलच्या पुस्तकातली पानं पडद्यावर येतात, बरंच उलगडून सांगतात, पण मला मूळचाच जास्त भिडला कारण त्यात आपणही डॉनीइतकेच चाचपडत असतो.

अबोली७:
मला विचाराल तर हा त्याच्या आईचा पिक्चर आहे!! सगळे ससा ससा करतात. सुरुवातीला ती खोलीत येऊन विचारते तर हा तिला शिवी घालतो. नंतर हाच विचारतो, वेडा मुलगा असला की कसं वाटतं गं, आणि ती म्हणते फार छान वाटतं. मेरी मॅकडॉनेलने ते इतकं साधं म्हटलंय की मला रडूच फुटलं, दोन मुलांची आई आहे मी. भावाला दाखव पण एकट्याला नको, सोबत बस, शिव्या आणि हिंसा आहे आणि शेवट त्याच्या मनाला लागू शकतो.

चहाबाज:
अगदी. आणि जेवणाच्या टेबलावरचं ते बहीणभावाचं भांडण बघा परत, डॉनी आणि त्याची बहीण झालेले जेक आणि मॅगी जिलनहॉल सख्खे बहीणभाऊच आहेत, म्हणून ते इतकं खरं वाटतं.